टोबीने गाडीत काय भरलं?

रवि., २ मार्च
जेवताना पुन्हा पेट्रोल. विषय मी काढला नव्हता. शुभा सांगत होती, कोपऱ्यावर सुपरमार्केटचा पंप आहे, पण ह्यांना तिथलं चालत नाही, महागडं भरायला उलट्या दिशेला जातात. त्यावर टोबियास (आमच्या लेकीचा, सानिकाचा मित्र; इथे जर्मनीतच नेकारसुल्मच्या कारखान्यात इंजिनं टेस्टबेंचवर तपासतो) थालीपीठ काटा-सुरीने कापत शांतपणे म्हणाला, सगळं एकाच डेपोतून येतं, ब्रँडवाले त्यात आपापलं अ‍ॅडिटिव्ह टाकतात, एवढंच. तुमच्या गाडीला त्याने फरक पडणार नाही. पडलाच तर चालवताना कळणार नाही.

मला कळतं, म्हटलं. थंड इंजिन सुरू केलं की पहिल्या सिग्नलपर्यंत कळतं. स्वस्तातलं असेल तर दुसऱ्या गियरला ओढ किंचित कमी.

डॉक्टरेट आहे पोराची. मी बी.कॉम., सांगली. पण बाबांची स्कूटर बारावीत असताना पूर्ण खोलून परत जोडली ती मीच, आणि जर्मन शिकलो ते रिपेअर मॅन्युअल वाचून, क्लास लावून नाही. मला 'कळणार नाही' म्हणायचं नाही.

सानिका म्हणाली, "आल्झो बाबा, टेस्ट करा ना. टोबी भरून आणेल, तुम्ही ओळखा."
ठरलं.

जूनपासून दोघांना श्टुटगार्टला एकत्र राहायचंय. माझ्या 'हो'साठी थांबलेत. मी अजून काही बोललेलो नाही. मुलगा गोड आहे. जरा जास्तच.

मंगळ., ४ मार्च
टो.ला फोन करून नियम सांगितले. टाकी रिझर्व्हला आल्याशिवाय भरायची नाही, नाहीतर आधीचं मिसळतं. पंप दोनच: माझा नेहमीचा आणि कोपऱ्यावरचा. तिसरीकडे जायचं नाही. निकाल मी बोलेपर्यंत त्याने तोंड उघडायचं नाही. प्रत्येक नियमाला तिकडून गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. एका शब्दाचा वाद नाही. वाद न घालणारा इंजिनिअर मी अजून पाहिलेला नाही.

शनि., ८ मार्च
फिल्टर पेपर. सांगलीत पंपावर हक्काने मागून घ्यायचो. नळीतला एक थेंब कागदावर, वाळल्यावर डाग राहिला की समजायचं भेसळ आहे. इथे काउंटरवरच्या बाईंनी हात पुसायच्या कागदाकडे बोट दाखवलं. शेवटी घरातले कॉफीचे फिल्टर घेऊन गेलो. दोन्ही पंपांवर एकेक थेंब. मागच्या गाडीवाला बघत होता, बघू दे.
दोन्ही वाळले. डाग नाही. पण कॉफीचा कागद जाड, त्यामुळे निर्णय राखून ठेवला.
उरलेले फिल्टर परत डब्यात ठेवले तर शुभा म्हणाली, "अहो, कॉफीला पेट्रोलचा वास आला ना, तर मी माहेरी जाईन. आणि चालत नाही, विमानाने."

रवि., १६ मार्च
पहिली फेरी. टो. काल गाडी नेऊन भरून आणून लावून गेला. आज सकाळी थंड सुरू केली, नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. लोण्यासारखी. म्हटलं, महागडं.
टो.: "श्टिम्ट." बरोबर.
शुभाला कौतुक वाटलं. सानिका टो.कडे बघत होती. माझ्याकडे नाही.

रवि., ३० मार्च. पाडवा
दुसरी फेरी. किल्ली फिरवताच थरथर. सिग्नलला तर स्टिअरिंगमध्ये जाणवली. सुपरमार्केट! श्टिम्ट.
टो.ने उठून हात मिळवला. आमच्या टेस्टबेंचला दिसत नाही ते तुम्हाला कळतं, म्हणाला. श्रीखंड दोनदा घेतलं (मी). मंडळाच्या ग्रुपवर निकाल टाकला. पाटलांनी लगेच विचारलं, कुठला पंप? आजपासून आम्हीही तिथेच.
'हो' म्हणून टाकावं असं मनात आलं. पुढच्या रविवारी सांगू.

मंगळ., १ एप्रिल
ऑफिसमधून येताना कोपऱ्यावरून आलो. सुपरमार्केटच्या पंपाला पत्रे ठोकलेले. बोर्ड: जमिनीखालच्या टाक्यांचं काम, २४ मार्चपासून बंद.
टो.ने गाडी नेली शनिवारी, २९ला.
बोर्ड पुन्हा वाचला. माझ्या वाचण्यात चूक नाही.
मग ती थरथर

बुध., २ एप्रिल
दुसऱ्या कुठल्या सुपरमार्केटला गेला म्हणावं तर नियमात बसत नाही, आणि हा नियम मोडणाऱ्यातला नाही. माझ्याच पंपावर भरलं असेल तर मला जे जाणवलं ते काय होतं? आणि मी चुकलो असताना त्याने 'बरोबर' का म्हणावं?
शुभाला सांगितलं. ती म्हणाली, जिंकलात ना, मग आता कोणाला पकडताय? मी म्हटलं, जिंकलो की जिंकवलं हे कळायला नको?
"तुमचा मान राखला असेल त्याने."
मान मी मागितला होता का? आज सासऱ्याशी गोड खोटं बोलतो, तो उद्या सानिकाशी काय बोलेल?
पुढच्या रविवारी काही सांगायचं नाही.

शुक्र., ११ एप्रिल
संध्याकाळी टाकी काठोकाठ भरून आणली. माझ्या पंपावर. कोणाला सांगितलं नाही. आता पेट्रोलची नाही, टो.ची फेरी.

शनि., १२ एप्रिल
टो.ला किल्ली दिली. तिसरी फेरी, भरून आण. गाडीत बसला की काटा दिसणारच. मला खूश ठेवायचं असेल तर एक चक्कर मारेल, येऊन म्हणेल, भरलं. खिडकीत उभा राहिलो.
गाडी जागची हललीच नाही. वर आला, किल्ली टेबलावर ठेवली. सानिका आणि शुभा स्वयंपाकघरात होत्या. हळू आवाजात म्हणाला, टाकी भरलेली आहे. तुम्ही मला तपासताय.
मी हो म्हटलं. उगाच कशाला नाही म्हणू?
मग समोर बसला. म्हणजे पंप बंद असल्याचं तुम्ही पाहिलंत, म्हणाला.
"दोन्ही वेळा मी काय भरलं ते तुम्ही विचारलंत तर मी सांगेन, मिस्टर कुलकर्णी. खरं तेच सांगेन. पण विचारायला तुम्हालाच लागेल."
तेवढ्यात सानिका चहा घेऊन आली.

सोम., १४ एप्रिल
आधी खोटं बोलला असेल, तर माझ्यासाठी. आता खरं सांगेन म्हणतो, आणि म्हणताना नजर हलली नाही. सांगेलच. तीच अडचण आहे.
पाटलांचा मेसेज. नवीन पेट्रोलने गाडी एकदम सुधारली म्हणतात. उत्तर दिलं नाही.

रवि., २० एप्रिल
दोघं जेवायला आली. घराच्या करारावर गुरुवारी सही करायची आहे. सानिकाने सरळच विचारलं, बाबा, या ओडर नाइन? हो की नाही?
हो म्हटलं. त्या मुलावर माझा आता संशय नाही, हेही म्हटलं. शुभाने डोळे पुसले. सानिका जर्मनमध्ये बरंच काही भराभर बोलली, निम्मं कळलं.
मग डिकीतले पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट आणायला टो.ला घेऊन खाली गेलो. एक क्रेट त्याच्या हातात दिला. तो निघाला नाही. क्रेट तसाच धरून उभा राहिला.
आता विचारतील असं त्याला वाटलं असावं. मलाही वाटलं होतं, विचारेन. दुसरा क्रेट उचलला आणि डिकी लावली.