वाटीतलं तेल

प्रिय दादा,

मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस, जीपला नवं इंजिन बसवलंय, आता एअर फिल्टर कुठला लावू. मी म्हणालो, लिहून कळवतो, दुकानदाराला कागदच दाखव. तुला वाटलं असेल, धाकटा शहाणा झाला. झालोच. खाणीच्या वर्कशॉपात सहा वर्षं काढली की दगडसुद्धा शहाणा होतो. इथली धूळ पिठासारखी आहे. डब्यात शिरते, कानात शिरते, धुतलेल्या बनियनच्या शिवणीत जाऊन बसते. आमच्या फोरमनला सगळे बुलडोझर म्हणतात. तो रोज सकाळी ओरडतो, अरे गाढवांनो, तुम्हाला खोकता येतं, इंजिनाला येत नाही!

तर दुकानदार आधी तुला लाल स्पंजाचा उघडा फिल्टर दाखवेल. दिसायला नवरदेव, आवाजही दणदणीत. घेऊ नकोस, कच्च्या रस्त्यावरची बारीक धूळ त्यातून सरळ आत जाते. दुसरा कागदाचा. तो चांगला, पण रबरी कड घट्ट बसली तरच. शिवाय तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू तो दगडावर आपटून झाडशील, फाटला तरी चालतंय की म्हणून परत बसवशील. म्हणून तुला आपला जुनाच बरा, तेलाचा. हवा खालच्या वाटीतल्या तेलावरून वळसा घेते, धूळ तेलात बसते. वाटीला आतून रेघ आहे. तेल रेघेपर्यंतच. जास्त झालं तर इंजिन ते ओढून घेतं आणि धूर काढतं. कमी झालं तर काय होतं, ते तुला मी काय सांगणार?

हे मला बाबांनी शिकवलं. टेकडीवरच्या कारखान्यात ते ह्याच जीपनं माणसं पोचवायचे, तेव्हा वाटी भरायचं काम माझं होतं. शाळेत माझं कशातच डोकं चाललं नाही, पण ती रेघ मी कधी चुकवली नाही. मग एक दिवस जीप अर्ध्या चढावर बसली. मिस्त्रीनं इंजिन उघडलं तर आत कानशीनं घासल्यासारखे ओरखडे, आणि वाटी कोरडी ठणठणीत. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत तू बोललास, धाकट्यानं भरलंच नसेल, ह्याचं लक्ष असतं कुठं! बाबांनी स्टँडवर सगळ्यांदेखत माझ्या हातातला पाना काढून घेतला. त्या दिवसापासून मी कोरड्या झालो. काय रे कोरड्या, आज पाणी तरी प्यालास का? पानवालासुद्धा विचारायचा. तूही हसायचास. महिन्याभरात ताईनं शिवलेल्या पिशवीत दोन शर्ट कोंबून मी घर सोडलं. बाबा दारापर्यंत आले नाहीत.

दादा, खरं सांगतो, पुढं पुढं मलाच वाटायला लागलं की विसरलो असेन. इथं मी प्रत्येक वाटी दोनदा उघडून बघतो. बुलडोझर हसतो, म्हणतो, हा बायकोवरसुद्धा विश्वास ठेवणार नाही.

आणि रविवारी तू सहज बोलून गेलास. चढावर ते तेल हिंदकळून धूर होतो रे, मागे तुझ्या वहिनीला पहिल्यांदा फिरवायला नेलं तेव्हा मी ओतूनच टाकलं होतं, आताही तसंच करू का? त्या फेरीनंतरच जीप चढावर बसली होती. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. तेव्हाच मी म्हणालो, लिहून कळवतो. करून सवरून नामानिराळा राहिलास ते एक वेळ ठीक. पण तू विसरून गेलास, दादा! माझं नाव गेलं आणि तुझ्या लक्षातसुद्धा राहिलं नाही.

हे फोनवरही बोलता आलं असतं. तू अंगणात जाऊन ऐकलं असतंस आणि तिथंच पुरून आला असतास. म्हणून पत्र लिहिलं, आणि पाकिटावर नाव ताईचं घातलं. घरात आलेलं पत्र सगळे जेवायला बसले की ताईनं मोठ्यानं वाचायचं, एकही ओळ गाळायची नाही, हा बाबांचाच नियम. तेव्हा दादा, उठू नकोस. तोंडातला घास गीळ. वहिनी, तुझा ह्यात काही दोष नाही. ताई, थांबू नकोस, वाच. दुकानदारासाठी फिल्टरचं तेवढं ह्याला वेगळ्या कागदावर उतरवून दे. बाबा, त्या दिवशी वाटी मी भरली होती. रेघेपर्यंत. आता बाबा ह्याला काय म्हणतात, ते ताई मला कळवेल. दादा, तू नको कळवूस.

तुझाच, नाकारता येणार नाही असा,
धाकटा