न फोडलेलं पाकीट

प्रिय ट्रेसा,

तुझ्या आईला, जोलीनला, गाडीत अमली पदार्थ सापडल्याबद्दल नऊ वर्षांची शिक्षा सुनावणारा न्यायाधीश मीच. निवृत्त होताना डुलुथच्या कोर्टातलं माझं कपाट आवरलं, तेव्हा तू शिक्षेआधी मला लिहिलेलं पत्र सापडलं. पाकीट फोडलेलंच नव्हतं. ‘गाडीतली पावडर मामाची होती. आई त्या दिवशी माझ्या शाळेत होती,’ असं तू लिहिलं होतंस.

शिक्षेच्या दिवशी भर कोर्टात मी म्हणालो होतो, “आरोपीसाठी आलेली सगळी पत्रं वाचली आहेत.”

तुझी आई उठली. “पोरीचंही वाचलंत ना, साहेब? मग द्याल ती शिक्षा मान्य.”

ती तुरुंगातच वारली. याआधीही तुला असंच पत्र लिहून दोनदा टपालपेटीपर्यंत गेलो आणि परतलो. तू विचारशील, माझं पत्र तेव्हाच वाचलं असतं तर? तर शिक्षा थांबवून आधी तुझ्या मामाला बोलावलं असतं.

तुझा अपराधी,
आल्डन व्हॉस