राहुकाळातली नोंद

तीर्थरूप सुब्बण्णामामा, बंगळुरूहून नागवेणीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामीला सांगा, तिने पाठवलेलं अप्पेमिडीचं लोणचं ऑफिसातच संपलं (मला एकच कैरी मिळाली).

काल फोनवर तुम्ही ओरडलात, "नागू, ती मंगळवारची नोंद आधी उडव!" आणि फोन आपटलात. म्हणून हे पत्र. ते तरी शेवटपर्यंत वाचाल.

चूक माझी. तुमच्या तीर्थहळ्ळीच्या मंगल कार्यालयाची नोंदणी आमच्या साइटवरून चालते. आमची शिस्त अशी की बदल आधी आपल्या कॉम्प्युटरवर करायचा, मग गिटमध्ये ठेवायचा (कोणी, कधी, काय बदललं ते सगळं त्यात राहतं, लपवाछपवी नाही), दुसऱ्याने तो ओळ न ओळ वाचून मंजूर करायचा आणि मगच गिटमधून चालू साइटवर चढवायचा. हा दुसरा म्हणजे मदुराईचा इळंगो. असला चिकट माणूस जन्मात पाहिला नाही! माझं एक काम त्याने अकरा वेळा परत पाठवलं. बाराव्यांदा "बरं आहे" म्हणाला, तेही भिंतीकडे बघून.

गेल्या महिन्यात तासाभरात तुमचे सहा फोन. "राहुकाळात कोणाची नोंद घ्यायची नाही, आत्ताच्या आत्ता कर!" इळंगो रजेवर, तुमचा पारा चढलेला. मी गिटला बगल देऊन तुमचा नियम थेट चालू साइटवर लिहिला. या सोमवारी आम्ही गिटमधून नवी आवृत्ती चढवली. गिटला तुमचा राहुकाळ ठाऊकच नव्हता, तो पुसला गेला. आणि मंगळवारी तीन वाजून वीस मिनिटांनी, भर राहुकाळात, मदुराईच्या कोणा षण्मुगम यांच्या नावाने कार्तिकातला एक गुरुवार नोंदला गेला.

"कोणाचे हात शिवशिवत होते?" आमचे साहेब केशवमूर्ती गरजले. मी उभी राहिले. महिनाभर मला चालू साइटला हात लावायची बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तुमचा नियम मी पुन्हा रीतसर लिहिला, इळंगोने चौथ्या खेपेला मंजूर केला.

पण मामा, ती नोंद उडणार नाही. साहेबांना सांगून उडवलीत, तर मी पुन्हा करीन. मुहूर्त शुद्ध आहे, बटण तेवढं राहुकाळात दाबलं गेलं. मुलगी चौतीस वर्षांची, आईबाप नाहीत, आणि लग्न करीन तर तुमच्याच कार्यालयात म्हणते. तिचा दिवस हिरावून घेऊ नका.

तुमची हट्टी भाची,
नागवेणी

ता. क. षण्मुगम हे इळंगोचे वडील.

ता. क. २ बटण मीच दाबलं. राहुकाळ असता तर साइटने अडवलंच असतं, या भरवशावर घड्याळ पाहिलं नाही. नियम मीच लिहिला होता ना!

ता. क. ३ मुलीला हात धरून मांडवात मामाने न्यायचं असतं. कार्तिकातल्या त्या गुरुवारी मी कार्यालयाच्या दारात उभी असेन. मुहूर्त टळला तरी चालेल, तुम्ही आल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही.