गाव नावाचा रकाना

२ जुलै, रिसाली, भिलाई
...अन् तरी आई म्हणते, अर्णव लहान आहे. एकोणीस वर्षांचा घोडा! म्या आठवीत शाळा सोडली तवा माह्यं वय कोणी इचारलं नाही. त्याच्या कॉलेजले पैसे पाठवणारा मी, अन् तुपाची वाटी त्याले. जाऊ दे. भिलाई झकास आहे. खोलीत पंखा, नळाले पाणी, कोपऱ्यावर पोहे. काल-परवापर्यंत नागपुरात पेट्या उचलत होतो, आता ठेकेदाराच्या हापिसात खुर्चीवर काम! चौदा तारखेले पक्का रुजू. फारमात वारस म्हणून अर्णवचंच नाव टाकलं. आईनं फोनवर तसंच बजावलं होतं.

५ जुलै
काम समजलं. कामगारांच्या जुन्या नोंदी नव्या कम्प्युटरात न्यायच्या. आमचे सुपरवायझर केवलरामजी म्हणाले, माल टेबलात, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात असते, व्ह्यू म्हणजे तो पाहाची नुसती खिडकी. कोणी तरी टेबलातून 'गाव' हा पहिला रकाना काढून टाकला अन् खिडकीले सांगितलंच नाही. तिचे मथळे जुनेच राहिले, आतला माल एक घर डावीकडे सरकला. आपण कागदी रजिस्टराशी ताडायचं, खिडकी नव्यानं बांधायची, मग 'ठीक' लिहून सही. बिन मिलाय दसखत झन करबे बाबू, ताडल्याबिगर सही करू नको, असं त्यांच्या छत्तीसगढीत दोनदा बजावलं.

८ जुलै
माही ओळ सापडली! 'गाव'खाली ऋषभ, म्हणजे मी. 'कामगार'खाली अर्णव. लय हसलो. म्हणजे मी गावात आईच्या हातची भाकर खाऊन राहिलो अन् हा शहाणा इथं राबून राहिला! दुरुस्त करायचा जीवच होईना. तशीच ठेवली. रजिस्टरात 'ठीक' लिहून सही ठोकली.

१० जुलै
आईचा फोन. आजवर कधी तिनं स्वतःहून लावला नव्हता. म्हणे तू घरी ये बाबू, अर्णव कॉलेज सोडून तुह्या जागी जातो म्हणते. त्याच्या डोक्यात कोणी भरवलं, इचारलं. कोणीच नाही म्हणे, सकाळी उठला अन् बोलला. डोळ्यांत पाणी आलं माह्या. लाज नाही आली.

१२ जुलै
केवलरामजींनी मले अर्णव म्हणून हाक मारली. धावत जाऊन रजिस्टर काढलं. कागदावरही अर्णवच. शाई जुनी, वाळलेली. मग स्क्रीनवर त्याच ओळीत उजवीकडे पाहिलं. त्या दिवशी हसण्यात पाहिलंच नव्हतं. 'वारस'खाली कोरं. 'मृत्यू तारीख' — तिच्याखाली सरकून आलेली माही रुजू तारीख. चौदा जुलै.

१३ जुलै
खिडकी पाडली. एकेक रकान्याचं नाव लिहून नव्यानं बांधली. पुन्हा तशीच. सात वेळा बांधली — अर्णव फोन उचलत नाही. आई म्हणे निघाला तो, तुहाच निळा शर्ट घालून. थांबव त्याले, मी ओरडलो. तर म्हणे, अजूनही जळून राहिला का त्याच्यावर?

१४, सकाळी
त्याचा मेसेज. गाडीत आहे, गोंदिया गेलं. लिहिते, दादा, आता तू आराम कर. म्या लिहिलं — डोंगरगडले उतर, परत जा. म्हणते तिकिटाले पैसे नाहीत. पैसे! — दर महिन्याले कुरकुरत पाठवले तुले — आज नाही, भाऊ — मोबाईलवर पाठवणाऱ्याच्या जागी माह्या नावाऐवजी तुहं नाव दिसते — दिसू दे — तू फक्त उतर — सगळेच पाठवून राहिलो — अकरा हजार चारशे—