उकिडवं बसणं धरलं नव्हतं

२३ जाने. ९४
असोद्याला. अक्काच्या मोडलेल्या मांडीचा एक्स-रे आलेखाच्या कागदावर उतरवून झाला. धुळ्याच्या डॉ.नी बसवलेली प्लेट, आठ स्क्रू, सगळं मोजून. राहिलं होतं वजन. कापसाच्या काट्यावर तिला खुर्चीसकट ठेवलं, मग खुर्ची वजा केली. त्रेपन्न किलो. "कापसासारखं मोजू राह्यला मले," म्हणाली, पण खूश होती. गल्लीभर सांगून झालंय की भावानं माहं हाड कांप्युटरात घातलं.

आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं. हिच्यासाठी हे करायचंच.

१३ फेब्रु.
चाललं एकदाचं! कॉलेजच्या मशीनने अख्खी दुपार घेतली. हाड दर आठवड्याला किती भरेल ते आकडे परदेशी पुस्तकातले, बाकी सगळं अक्काचं. आठव्या आठवड्यापासून ती चालली तरी प्लेटला धोका नाही. जास्तीत जास्त ताण चौथ्या-पाचव्या स्क्रूच्या मध्ये, तोही प्लेट सोसते त्याच्या निम्माच.
सेमिनारला पेपर पाठवतो. रुग्ण क्र. १ म्हणजे अक्का. जरा हवेत आहे मी.

७ मार्च
अक्काला घेऊन जीपने धुळ्याला. डॉ. म्हणतात, तीन महिने पाय टेकवायचा नाही. प्रिंटआउट दाखवला. चष्मा वर करून पाहिला. "गणित चांगलंय सर. पण घाई करू नका."
राग आला. परतताना पारोळ्याला चहा घेतला, तिथे अक्काला सांगून टाकलं, आठ आठवडे झाले, टेकव पाय. तिने डॉ. काय म्हणाले ते विचारलंसुद्धा नाही.

१७ मार्च
कॉलेजात निरोप आला. प्लेट मोडली.
दहा दिवस छान चालली होती. आज मी जेवायला जाणार होतो, म्हणून ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी करायला चुलीपुढे उकिडवी बसली. उठताना आवाज झाला म्हणे. शेजारची म्हणते, आधी आवाज, मग अक्का ओरडली.
भाकरी माझ्यासाठी होत्या.

१९ मार्च
धुळे. पुन्हा ऑपरेशन. फिल्म पाहिली. चौथ्या-पाचव्या स्क्रूच्या मध्ये. जागा बरोबर सांगितली होती मी.
डॉ.नी फिल्म पाकिटात घालून परत दिली. रागावले असते तर बरं झालं असतं.

२७ मार्च
आज मशीनमध्ये ते घातलं. उकिडवं बसून उठणं, गुडघा पूर्ण मुडपलेला. बाकी आकडे तेच. प्लेट मोडते. दहाव्या आठवड्यातही मोडते.
उभं राहणं धरलं होतं, चालणं धरलं होतं. बसणं धरलंच नाही. माझ्या पिंप्राळ्याच्या घरात टेबलावर जेवतो, खुर्चीवर बसतो, त्यामुळे सुचलंच नाही. ज्या बाईच्या चुलीशेजारी बसून वाढलो ती कशी बसते हे मला सुचू नये? रडलो आज. लाज वाटली नाही.
पेपर मागे घेतल्याचं पत्र टाकलं.

१० एप्रिल
असोदा. प्लेट मोडते तो नवा प्रिंटआउट पिशवीत घेऊन गेलो होतो, चूक माझ्या गणिताची हे आज सांगायचंच म्हणून. अक्का खाटेवर. पाय वाळलाय. शेजारची बसली होती, तिला सांगत होती, "त्याचं गनित बरोबर व्हतं. मीच मेली उकिडवी बसली."
शेजारीण गेली. म्हटलं, अक्का, ऐक.
"आधी माहं ऐक," म्हणाली, "डाक्टर म्हन्ते आता चार महिने. ते राहू दे. तुह्या कांप्युटरले इचार. तू सांगशीन तव्हाच पाय टेकवीन."
पिशवी मांडीवर होती. विचारून सांगतो म्हणालो.
पाचच्या बसने परत. प्रिंटआउट अजून पिशवीतच आहे.