डिकीतून फिरवलेली खुर्ची

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, व्यवसाय वस्तूंना आकार देणे, सध्या सेवानिवृत्त, आज सकाळचा चहा घेऊन, चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट दोन्ही मुलांचे म्हणणे, "आई, एवढी घाई कशाला?" घाई नाही. पण आराखडा वेळेवर हातात पडला नाही, तर साचेवाले आपल्या मनाने साचा करून मोकळे होतात, हे मी कारखान्यात जन्मभर पाहिले. माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचे तसे होऊ नये. बारा वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे.

कलम १. राहते घर मुलगी व मुलगा यांना निम्मे-निम्मे. राहावे, भाड्याने द्यावे, विकावे. हरकत घ्यायला मी नसेन. मात्र मागच्या खोलीची उत्तरेकडची खिडकी कोणी बुजवू नये. ती ह्यांनी, म्हणजे माझ्या दिवंगत यजमानांनी, लग्नानंतर पहिल्याच वर्षी स्वतः भिंत फोडून काढली. सासूबाई म्हणाल्या, "चांगल्या भिंतीला भगदाड कशाला पाडतोस?" हे म्हणाले, "तिला मातीवरच्या सावल्या नीट दिसायला हव्यात." याहून गोड बोलणे पुढच्या चाळीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकले नाही. कमीही पडले नाही.

कलम २. मेणमाती तासायची हत्यारे, एकूण सेहेचाळीस, मुलीला. गाडी असो की इस्त्री, आम्ही तिचा आकार आधी मेणमातीत घडवतो, हाताने चाचपतो, मग कागदावर पक्का करतो. ही हत्यारे ह्यांनी जुन्या करवतीच्या पात्यांपासून घासून बनवली. हे त्याच कारखान्यात हत्यारविभागात होते. मुलगी दाताची डॉक्टर आहे, आणि तीन हत्यारे तिने यापूर्वीच न विचारता दवाखान्यात नेली आहेत. ती चोरी न मानता आगाऊ वाटप मानावे.

कलम ३. बटणांचा खण मुलाला. रेडिओची, पंख्याची, मिक्सरची, कपडे धुण्याच्या यंत्राची अशी दोनशेच्या वर बटणे आहेत. काही मी घडवलेली, काही भंगारवाल्याकडून आणलेली. मुलगा फोनच्या पडद्यावरची बटणे आखतो, जी दाबली तरी खाली जात नाहीत. त्याचा त्याला पगार मिळतो, तेव्हा मी काही बोलत नाही. फक्त नवे काम हाती घेताना खणातले एखादे बटण डोळे मिटून फिरवावे आणि ते बोटाला काय सांगते ते ऐकावे, एवढीच अट.

कलम ४. पिवळी टॉर्च सुनेला. ही माझी बाजारात गेलेली पहिली वस्तू. त्या वेळी आमच्या विभागाचे प्रमुख होते त्यांना सगळे साहेब म्हणत, मीही तेच लिहिते. मी चौकोनी अंगाची टॉर्च काढून नेली तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, टॉर्च गोलच असते." मी नेहमीची गोल टॉर्च त्यांच्या आराखडे काढायच्या उतरत्या टेबलावर ठेवली. ती गडगडत गेली आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडली. साहेब बराच वेळ अंगठा धरून बसले, मग म्हणाले, "चौकोनीच करा." सून मला पहिल्यांदा भेटायला आली त्याच दिवशी वीज गेली. तिने ही टॉर्च उचलून न चाचपडता लावली. मुलाने पसंती विचारण्याआधीच माझी देऊन झाली होती.

कलम ५. फिरती खुर्ची. हे कलम लांबेल. वकीलबाईंनी "थोडक्यात आटपा" म्हटले होते, ते जमणारे नाही.

सासूबाईंचे गुडघे गेले होते. टॅक्सीत बसताना आधी डोके आत जायचे, मग पिशवी, मग उरलेल्या सासूबाई. ते पाहून मला सुचले, की माणसाने गाडीत वाकून का शिरावे? खुर्चीनेच दाराकडे वळून बाहेर यावे, माणसाने बसावे, खुर्चीने त्याला आत न्यावे. कारखान्याला तेव्हा प्रदर्शनासाठी 'उद्याची गाडी' हवी होती. ही गाडी विकायची नसते, आपण पुढे काय करू शकतो हे दाखवायची असते. तिला इंजिनही नव्हते. चार जण ढकलत मंचावर नेत. पण खुर्ची खरी होती.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी दहाला खुर्चीची मोटर जळाली. अकराला पडदा उघडणार होता. ह्यांनी हातड्रिलचा दांडा काढून डिकीच्या बाजूने खुर्चीला जोडला. आता तो फिरवायला डिकीत मावेल असे माणूस हवे होते. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

मी आत गुडघे पोटाशी घेऊन पडले. वरून साहेबांचा आवाज आला, "ही गाडी माणसाची चाहूल ओळखते." मी दांडा फिरवला. खुर्ची वळली असावी, कारण टाळ्या पडल्या. मग कोणी पत्रकाराने विचारले, "ही कल्पना कोणाची?" साहेब क्षणभर थांबले, तो क्षण मी अंधारात मोजला. म्हणाले, "आमच्या विभागाची." दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात विभाग नव्हता, साहेबांचा फोटो होता.

नंतर सगळे चहाला गेले. मी चाळीस मिनिटे डिकीत. ती आतून उघडायची सोय नव्हती. ही चूक साहेबांची नव्हे, आराखडा माझा होता. ह्यांना गर्दीने मागच्या दारी नेले होते. परत येऊन त्यांनी डिकी उघडली, माझा चेहरा पाहिला आणि नुसता हात पुढे केला.

ती गाडी रस्त्यावर कधीच आली नाही. कारखान्याने ती मोडीत काढली तेव्हा खुर्ची हे घरी घेऊन आले. मी त्यानंतर अकरा वर्षे साहेबांच्या हाताखाली काम केले. इस्त्र्या केल्या, पंखे केले, कामापुरते बोलले. जुन्या मृत्युपत्रात मी मुद्दाम लिहिले होते, की ही खुर्ची भंगारात द्यावी, पण साहेबांना बसू देऊ नये.

मागच्या महिन्यात साहेबांचा फोन आला. वय पंच्याऐंशी, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. "बाई, येऊ का भेटायला?" मी म्हटले, "या." काठी टेकत मागच्या खोलीत आले, खुर्ची पाहिली.

"अजून फिरते?"

"बसून बघा."

बसले. मी खुर्ची वळवली. ते खिडकीकडे तोंड करून तसेच राहिले.

"बाई, त्या दिवशी तुम्ही डिकीत आहात हे मी विसरलो. चहाच्या घाईत खरंच विसरलो. पण तुमचं नाव विसरलो नव्हतो. ते मी घेतलं नाही."

"का नाही घेतलं?"

"घेतलं असतं तर लोक तुम्हालाच विचारायला लागले असते. मग माझ्याकडे कोण आलं असतं?"

इतक्या वर्षांत मी मनात त्यांना देण्यासाठी पुष्कळ उत्तरे तयार ठेवली होती. ती तशीच राहू दिली. मी विचारले, "चहा घेणार?" साहेब म्हणाले, "आज तुम्ही आधी." मला हसू आले, मग त्यांनाही. हसताना ते डोळे पुसत होते; मीही कोरडी नव्हते.

सबब, जुन्या मृत्युपत्रातील तो मजकूर विशेषकरून रद्द. खुर्ची साहेबांना द्यायचे मी ठरवले. शिवाय त्यांना या कागदावर साक्षीदार म्हणूनही बोलावले. वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही. दोन्हीतलं एकच होईल." म्हणून खुर्ची मी हयातीतच गेल्या शनिवारी टेम्पोत घालून पाठवली. सुनेने सोबत जाऊन ती त्यांच्या घराच्या दाराशी बसवून दिली. या मृत्युपत्राने त्यांना काहीही मिळत नाही, फक्त माझ्या सहीखाली सही करायला मिळते.

कलम ६. बँकेतली शिल्लक, भांडी व कपाट मुलांनी समजुतीने वाटून घ्यावे. मेणमाती उरली असेल ती फेकू नये. गरम केली की पुन्हा वापरता येते.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचून पाहिले आणि पटले म्हणून सही केली.

ठिकाण: राहत्या घरी, मागच्या खोलीत
दिनांक: १४ मार्च, शनिवार, सकाळी साडेअकरा

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: (सही) खालच्या मजल्यावरील शिंपी. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: (सही) बाईंचा माजी विभागप्रमुख. बाईंनी माझ्यासमोर सही केली. वकीलबाईंची परवानगी घेऊन स्वहस्ते एक ओळ जास्त लिहितो: फिरत्या खुर्चीची कल्पना, तिचा आराखडा आणि त्या दिवशी ती फिरवणारे हात, तिन्ही या बाईंचे होते, आणि हे मला तेव्हाही माहीत होते.