कागदाची बाजू

प्रिय ठमे,

पाच वर्षांत तुला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला फोनवर धड बोलता येत नाही. तीन आठवडे झाले, आई दवाखान्यात आहे. नाकाला नळी लावली आहे. दोन वाक्यं बोलली की तिसऱ्याआधी थांबावं लागतं. जिच्यापुढे आपल्या दोघांना तोंड उघडायची सोय नव्हती, तिची ही गत. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं आतून कडक झाली आहेत, ती पुन्हा पूर्ववत होणार नाहीत. फार तर महिना म्हणाले, तेही चाचरत.

मी दुपारभर तिच्या उशाशी बसतो. तिला जुनं काहीतरी ऐकायचं असतं, मग मी माझ्या कामाच्या गोष्टी काढतो, थंडी अडवायला लोकांच्या घरांच्या पोकळ भिंतींत काचेची लोकर भरायचो त्या. मी कामावरून आलो की अंगभर काचेची कुसळं असायची, आणि गार पाण्याने हातपाय धुतल्याशिवाय ती मला उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. मग उरलेली कुसळं काढायला मी हात तुझ्यापुढे धरायचो. एकदा तू विचारलंस, काचेच्या लोकरीला ऊब कुठून येते? मी सांगितलं होतं, काच काही ऊब देत नाही. त्या धाग्यांच्या गुंत्यात हवा अडकते, तिला हलता येत नाही, आणि न हलणारी हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. नवखा गडी जास्त ऊब मिळावी म्हणून एका जागेत दोन थर कोंबतो. हवाच उरत नाही आणि भिंत गारठते. त्यावर तू आईला जाऊन सांगितलंस की बाबा लोकांना हवा विकतात. ती आठवडाभर शेजारणींना हेच सांगत हिंडत होती. परवा तिला याची आठवण करून दिली, तर हसायला गेली आणि केवढा खोकला आला. आता मी हसवत नाही.

आता कामाचं सांगतो, कंटाळू नकोस. या लोकरीच्या पट्ट्याला एका अंगाने कागद चिकटवलेला असतो, दमट हवा अडवायला. मी हे काम शिकलो ते उकाड्याच्या मुलखात. तिथे दमटपणा बाहेरून आत येतो, म्हणून कागद बाहेरच्या अंगाला. इथे थंडीत उलटं. माणसांचा श्वास, चहाची वाफ, सगळं आतून बाहेर जायला बघतं, म्हणून कागद खोलीच्या अंगाला हवा. लोकांच्या घरी मुकादम डोक्यावर उभा असायचा, तेव्हा मी बरोबर लावला. आपली मागची खोली मात्र मी एकट्याने सुट्टीच्या दिवशी भरली, आणि हाताला जी जुनी सवय होती तिने काम केलं. कागद बाहेर गेला.

त्याच खोलीत आईचं शिलाई मशीन, वाफेची इस्त्री आणि कापडाच्या ढिगावर लोळणारा तुझा बोका. इस्त्रीची वाफ थंडीभर भिंतीत शिरत राहिली, पलीकडच्या गार फळीला लागून तिचं पाणी होत राहिलं. ओल्या लोकरीत हवा राहत नाही. ती जड होऊन खाली बसली, वर बुरशी धरली, आणि आई दिवसाचे आठ तास त्या भिंतीला पाठ लावून शिवत होती. तिला दम लागायला लागला तेव्हा मी सगळं खापर बोक्यावर फोडलं. बोका किंवा आई, एक काय ते ठरव, असं मी तुला म्हणालो. तू बोक्याला घेऊन निघून गेलीस आणि मी दार लावून घेतलं. खोकला थांबला नाही, तर म्हणालो, कापडात केस राहतात वर्षानुवर्षं.

इथवर ही चूक आहे. चुका होतात. पण दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात कुठे ओल आहे का? मी ताठ मानेने नाही म्हणालो. घरी आलो, आई बाजारात गेली होती, आणि मी मशीनमागची फळी काढली. आतलं सगळं काळं पडलं होतं. वास असा, की मी दोन पावलं मागे सरलो. मी फळी परत ठोकली, वरून रंग मारला. उन्हाळ्यात गुपचूप बदलू म्हटलं. भिंत उघडली असती तर तिने कारण विचारलं असतं, मग बोक्याचं निघालं असतं, मग तुझं. उन्हाळा आला तेव्हा म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात. रंग छान बसलाय, असं ती म्हणाली होती. आणखी दोन हिवाळे ती तिथेच शिवत बसली.

मंगळवारी ती म्हणाली, पोरीला बोलवा. तिने आईपेक्षा मांजर जवळ केलं, पण मी मनात काही ठेवलेलं नाही, तिला माफ केलंय, एवढं तिच्या तोंडावर सांगून जाऊ दे मला. मी मान डोलावली. ती त्या दुपारी पहिल्यांदा शांत झोपली. मी तिला खरं सांगायला तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा पाणी हवं का म्हणून विचारलं. आता सांगितलं तर ती उरलेला महिना माझ्याकडे बघत काढील, आणि मला ते सोसणार नाही. म्हणून लिहितोय. ये. ती तुला माफ करेल. तू काहीच केलेलं नाहीस, हे आता तुला ठाऊक आहे, आणि तरी ते ऐकून घे, मान खाली घाल, हो म्हण. मागायला मला तोंड नाही, तरी मागतो. ती गेल्यावर माझं तोंड पुन्हा बघू नकोस, मी समजेन.

अजून तुझाच,
बाबा